कंबरेवरच्या पिस्तुलाला हात लावू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिस्तूल बदलू का, पट्टा कुठला घेऊ, कंबरेला लावू की पर्समध्ये ठेवू, असं बरंच विचारलंयस. पण मला खटकलं ते मधलं एक वाक्य, जे तू सहज लिहून पुढे गेलीस. रोज रात्री घरी आलीस की पिस्तूल काढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा काडतूस बसतं तो कप्पा, रिकामा करतेस आणि सकाळी पुन्हा भरतेस. गाडीत बसलं की टोचतं, म्हणून काढून शेजारच्या सीटवर ठेवतेस आणि उतरताना परत खोचतेस. दिवसभर मधूनमधून शर्टावरून चाचपून बघतेस, जागेवर आहे ना म्हणून. याला तू काळजी घेणं म्हणतेस. तुझ्या सगळ्या गोंधळात खरी धोक्याची गोष्ट तेवढीच आहे.

हात लावू नकोस. बाकी सगळं पत्र याच्याभोवतीच फिरणार आहे. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

चांगल्या स्थितीतल्या आधुनिक पिस्तुलात फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटून ते पेटवणाऱ्या खिळीच्या, वाटेत एक अडसर असतो. ट्रिगर पुरता मागे जाईपर्यंत तो बाजूला होत नाही. म्हणजे कडक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), ट्रिगरगार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकलेलं, कंबरेला घट्ट बसलेलं पिस्तूल हा त्याचा सगळ्यात शांत काळ. नको तेव्हा गोळी सुटते ती बहुतेक वेळा हाताळताना. भरताना, रिकामं करताना, होल्स्टरमध्ये परत घालताना, मित्राला दाखवताना. तू दिवसातून सहा वेळा काढघाल करतेस, म्हणजे सहा वेळा स्वतःहून त्या धोक्यात जातेस, आणि तेही थकलेली असताना, अंधारात, पार्किंगमध्ये.

तुझ्या रोजच्या भरण्या-काढण्यात आणखी एक खोट आहे. तेच राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं की दर वेळी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर (फीड रॅम्पवर) आदळतं आणि गोळी काडतुसाच्या नळकांड्यात हळूहळू आत सरकते. आतली जागा कमी होते, दारूचा दाब वाढतो आणि प्रसंगी पिस्तूल फुटतं. आज रात्री एक काम कर. रोज चेंबरमध्ये जाणारं राउंड आणि डब्यातलं नवं राउंड सपाट टेबलावर शेजारी शेजारी उभं कर. जुनं किंचित जरी बुटकं दिसलं, तर ते पुन्हा भरायचं नाही. सरावातही नाही. एकदा चेंबरमध्ये जाऊन आलेल्या राउंडच्या बुडावर मार्करने रेघ मारत जा. दोन रेघा झाल्या की ते बाजूला. पण मुळात रोज रिकामं करण्याची गरजच काय? संध्याकाळी होल्स्टरसकट काढायचं, होल्स्टरसकट लॉकबॉक्समध्ये ठेवायचं, सकाळी होल्स्टरसकट परत लावायचं. पिस्तूल आणि होल्स्टर ही एकच वस्तू आहे असं समज. ट्रिगर उघडा पडतच नाही.

आता कायद्याचं, थोडक्यात. ग्रीन कार्ड हातात आल्यावर पिस्तूल घेतलंस ते बरोबर केलंस. तुझी रूममेट मात्र स्टुडंट व्हिसावर आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे ठराविक अपवाद सोडले तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने तिला बंदूक बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंसुद्धा त्यात मोडू शकतं. ‘जरा धरून बघ’ असं तिला कधीही म्हणू नकोस. बॉक्सचा कोडही तिला माहीत असता कामा नये.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणून तू विचारतेस की एलटीसी (टेक्सासचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना) कशाला काढू. काढ. फेडरल कायद्यानुसार शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही आणि त्यातली सूट ज्या राज्यात शाळा आहे त्या राज्याच्या परवानाधारकाला आहे. शहरात गाडी चालवताना हजार फुटांत शाळा न येणारा रस्ता तू शोधून दाखव. त्यासाठीचा वर्ग चार ते सहा तासांचा असतो, नंतर ५० गोळ्यांची परीक्षा: २० गोळ्या ३ यार्डांवरून, २० गोळ्या ७ वरून, १० गोळ्या १५ वरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. हा अगदी तळाचा निकष आहे, पास झालीस म्हणजे तयार झालीस असं मुळीच नाही. पिस्तूल आत आणायला मनाई करणाऱ्या दारावरच्या ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ च्या (कायद्याच्या कलमांच्या) पाट्या आणि बारमधला तशीच मनाई सांगणारा लाल ५१ टक्क्यांचा बोर्ड ओळखायला शीक. टेक्सासचा परवाना न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात चालत नाही. प्रवासाआधी दर वेळी त्या त्या राज्याचा नियम बघ. आणि हो, गाडीच्या सीटवर होल्स्टरशिवाय, सगळ्यांना दिसेल असं पिस्तूल ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. तुझी ती सवय इथेही आडवी येतेच.

होल्स्टरबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. पिस्तुलावर सहाशे डॉलर खर्च करून होल्स्टर पंधरा डॉलरचं घेणाऱ्यांना मी शिकवायलाही तयार नसतो. मऊ नायलॉनच्या पिशवीचं तोंड पिस्तूल काढताच मिटतं, मग दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि नळी त्याच हातावर येते. जुनं चामडंही मऊ पडलं की त्याची घडी ट्रिगरगार्डमध्ये शिरते. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं घे, नेमक्या तुझ्याच मॉडेलसाठी घडवलेलं. घेतल्यावर तीन गोष्टी तपास. बाहेरून जोर लावून दाबलं तर ट्रिगरपर्यंत काही पोचतं का? रिकामं पिस्तूल आत घालून होल्स्टर गादीवर उलटं हलवलं तर ते जागेवर राहतं का? आणि पिस्तूल बाहेर असताना तोंड उघडं राहतं का? एकाही उत्तरात शंका आली तर परत कर.

टोचण्याचा इलाजही इथेच आहे. पट्टा आडवा वाकणारा पण उभ्यात न दुमडणारा हवा, म्हणजे वजन एका जागी लोंबत नाही. पोटाशी लावत असशील तर होल्स्टरच्या खालच्या टोकाला मागून फोमचं वेज (पाचर) लाव. नळीचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ पोटाकडे वळते. होल्स्टरवरचा, पट्ट्याला आतून टेकणारा क्लॉ नावाचा तुकडा मूठ आणखी आत वळवतो. मूठ जरा वर बसेल अशी क्लिप लाव, म्हणजे गाडीत बसल्यावर खालचं टोक मांडीत रुतत नाही. सीटबेल्टचा खालचा पट्टा मुठीखालून घे. हे सगळं घरी, रिकाम्या पिस्तुलावर, आरशासमोर एकदाच बसवायचं. एकदा घराबाहेर पडलीस की हात बाजूला. शर्टाखालचा फुगवटा लोकांच्या लक्षात येत नाही. दर पाच मिनिटांनी तिकडे जाणारा तुझा हात मात्र येतो.

‘पर्समध्ये ठेवलं तर?’ नाही. पर्स खुर्चीला अडकते, ट्रॉलीत राहते, कुणाच्याही हातात जाते, आणि चोराला तीच हवी असते. ट्रिगरगार्ड न झाकता पर्समध्ये टाकलेल्या पिस्तुलात किल्ली किंवा लिपस्टिक शिरू शकते. या विषयावर पुन्हा विचारू नकोस.

सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालण्याचा. काढायला घाई असू शकते, परत घालायला कधीच नसते. आधी आजूबाजूला बघ. डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धर आणि तो हात तिथेच राहू दे. बोट स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) कडेला सरळ, ट्रिगरगार्डच्या बाहेर. कंबर पुढे काढ आणि वरचं अंग किंचित मागे ने, म्हणजे नळीची दिशा पोट आणि मांडी सोडून बाहेर जाते. मग होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी बघ. न बघता घालणं म्हणजे कौशल्य, असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची नाडी नेमकी इथेच ट्रिगरगार्डमध्ये अडकते, आणि ढकलत राहिलं की तीच ट्रिगर दाबते. किंचित अडलं की थांब, बाहेर काढ, बघ, मग पुन्हा. हॅमरवालं (मागे बाहेर दिसणारा घोडा असलेलं) पिस्तूल असेल तर घालताना अंगठा हॅमरवर ठेव. ट्रिगर ओढला गेला तर हॅमर अंगठ्याखाली हलताना जाणवतो. खरं तर याहून सोपा उपाय आहे: घरी होल्स्टर कंबरेवरून काढ, हातात धरून पिस्तूल त्यात घाल, मग दोन्ही मिळून कंबरेला लाव. नळी तुझ्या अंगाकडे येतच नाही.

चेंबरमध्ये राउंड ठेवायचं की नाही, यावरून तुझी झोप उडालीय. भीतीमागचं कारण चुकीचं नाही, पण उत्तर रोज रिकामं करण्यात नाही. आधी स्वतःची खात्री करून घे. पिस्तूल रिकामं कर. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) आधी बाहेर, मग स्लाइड तीनदा मागे, मग स्लाइड अडकवून चेंबर डोळ्यांनी बघ आणि करंगळीने चाचप. क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढून मॅगझिन नंतर काढलं, की तू रिकामं समजतेस आणि आत राउंड बसलेलं असतं. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून गोळी सुटली की कारण बहुधा हेच निघतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. रिकामं पिस्तूल कॉक करून होल्स्टरमध्ये घाल आणि दोन आठवडे घरात तसंच वावर. वाक, बस, केर काढ, भांडी घास. रोज रात्री पुन्हा रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाब. ‘टक’ झालं, तर दिवसभरात ट्रिगर एकदाही दाबला गेला नव्हता. दाबला गेला असता तर स्ट्रायकर (तुझ्या पिस्तुलातली ती आपटणारी खिळी) तेव्हाच सुटला असता आणि आता आवाज आला नसता. चौदा दिवस चौदा वेळा ‘टक’ ऐकलंस की भीती आपोआप जागेवर येते. एकदा जरी आवाज आला नाही, तर होल्स्टर कचऱ्यात टाक.

तोवर भरलेलं पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं नाही. माझ्याकडे येणारे काही जण याला कटकट म्हणतात, पैसे देऊन पहिले दोन आठवडे रिकामं पिस्तूल वागवायला लावतो म्हणून चिडतात. चिडोत. मी यात सूट दिलेली नाही आणि तुलाही देणार नाही. दिली असती तर शिकवण्याचा धंदा बरा चालला असता, हे मलाही कळतं.

बाहेरच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारायला तू संकोचलीस. संकोच करू नकोस, पिस्तुलं तिथेच विसरली जातात. हुकला टांगायचं नाही, टाकीवर ठेवायचं नाही, जमिनीवर तर नाहीच. होल्स्टरमध्येच राहू दे. पॅन्ट गुडघ्यांच्या वरच धर आणि पट्टा परत अडकव, म्हणजे होल्स्टर उलटत नाही आणि फटीखालून दिसत नाही.

शाळा, न्यायालय, विमानतळाचा सुरक्षा तपासणीपलीकडचा भाग, अशा ठिकाणी जायचं असेल तर त्या दिवशी घरूनच न लावता नीघ. पार्किंगमध्ये काढघाल नको. अगदी टळत नसेल तर सीटखाली पोलादी बॉक्स, सीटच्या सांगाड्याला केबलने बांधलेला, आणि त्यात होल्स्टरसकट पिस्तूल. तेही तिथे पोचण्याआधी ठेव, पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत नको. रात्रभर गाडीत ठेवायचं नाही. घरी भाचरं येतात म्हणालीस. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा मोठ्या माणसाचा गुन्हा ठरतो. तेव्हा बॉक्स बंद म्हणजे बंद.

पिस्तूल हातातून निसटलं तर पडू दे. हे वाचून तुला विचित्र वाटेल, पण मनावर कोरून घे. वर सांगितलेला तो अडसर पडण्याचा धक्का सोसण्यासाठीच असतो. पडतं पिस्तूल झेलायला गेलेला हात मात्र नेमका ट्रिगरवर पडतो. मागे सरक, पडू दे, शांत झालं की उचल.

पोलिसांनी गाडी थांबवली तर आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही द्यायचं, आणि कागद काढायच्या आधी सांगायचं: माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कंबरेला आहे, तुम्ही सांगाल तसं करते. ‘गन’ हा शब्द ओरडू नकोस आणि दाखवण्यासाठी तिकडे हात नेऊ नकोस.

मग हात लावायचा कधी? दोनदाच. एक, सरावाला: ठरलेली वेळ, ठरलेली भिंत, काडतुसं खोलीबाहेर, दहा मिनिटं, आणि संपलं की ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हणायचं. ‘अजून एकदाच’ म्हणून भरलेल्या पिस्तुलाने परत सुरू केलं की भिंतीला भोक पडतं. आणि दुसरं, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर त्याच क्षणी बेतलंय आणि निसटायला वाट नाही तेव्हा. शिवीगाळ, पार्किंगवरून भांडण, मागून हॉर्न, यातलं काहीही त्यात बसत नाही. उलट कंबरेला पिस्तूल आहे म्हणून माघार तू आधी घ्यायचीस. दारू प्यायची असेल त्या दिवशी पिस्तूल बॉक्समध्येच राहील. नशेत बाळगणं टेक्सासमध्ये गुन्हाही आहे.

पिस्तूल बदलायचं का, हा तुझा पहिला प्रश्न होता, तो शेवटी घेतला कारण तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. तुझं ग्लॉक १९ राहू दे. ते लपवायला जड जातं म्हणून लहान आकाराचं काही घेशील, तर ते हातात जास्त उसळेल आणि सराव करायला नकोसं होईल. त्यापेक्षा पैसे गोळ्यांवर घाल. सरावाच्या साध्या गोळ्या २०० आणि बाळगायच्या हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या) निदान ५० बिनअडथळा चालल्या पाहिजेत. कुठे अडकलं तर आधी मॅगझिन बदलून बघ, बरेचदा खोट त्यात असते. मॅगझिनांना १, २, ३ असे आकडे घाल म्हणजे कुठलं अडकतं ते कळेल.

पट्टा आणि वेज या आठवड्यात मागव. पुढच्या पत्रात मला कुठली गोळी किती जवळ लागली ते लिहू नकोस, दिवसभरात किती वेळा हात लावलास तेवढं लिही.