ऑस्ट्रेलियातल्या लहान गावांत पोस्ट ऑफिस किराणा दुकानात का असतं? पूर्वी स्वतंत्र पोस्ट होतं का?

स्वतंत्र इमारती होत्या, पण मोठ्या गावांत. मी व्हिक्टोरियात राहतो. इथे आतल्या भागात गेलं की पाव, गळाची आमिषं आणि टपाल एकाच काउंटरवर मिळतं, आणि ही पद्धत फार जुनी आहे.

मुळात पहिलं पोस्टच एका घरात सुरू झालं. जहाजावरची पत्रं लोक भलत्याच नावाने उचलून नेत. म्हणून १८०९ मध्ये सिडनीत आयझॅक निकल्स या शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला पोस्टमास्तर केलं आणि टपाल त्याच्या घरी जाऊ लागलं. १८२८ मध्ये पॅरामाटा, बॅथर्स्टसारख्या ठिकाणी पोस्टं निघाली. पुढे सोनं आणि मेंढ्यांच्या मागे माणसं आत आत पांगली. अशा विरळ वस्तीला पगारी पोस्टमास्तर परवडणार कसा? मग लोकांनी अर्ज करायचा आणि दुकानदार, रेल्वेचा माणूस किंवा एखादी शेतकरीण काम अंगावर घेणार. जागा त्यांची, मोबदला कामाच्या हिशेबाने आणि तोही तुटपुंजा. आपल्याकडे ग्रामीण डाकसेवक स्वतःच्या घरात शाखा डाकघर चालवतात, जवळपास तसंच.

टपालाची ने-आणही कंत्राटानेच. कॉब अँड कंपनीच्या घोडागाड्या प्रसिद्ध आहेत. त्यांची शेवटची फेरी १९२४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये झाली. वाळवंटी भागात उंटांवरून टपाल जाई. त्या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले कित्येक बलुचिस्तान, पंजाब, सिंधकडचे होते. मरी ते बर्ड्सव्हिल या ५०० किलोमीटरहून लांब वाटेवर टॉम क्रूझ (नट नव्हे!) १९३६ पासून वाळूत रुतणारा ट्रक घेऊन टपाल नेत असे.

१ मार्च १९०१ ला सगळ्या वसाहतींचं टपाल, तार आणि टेलिफोन केंद्र सरकारकडे आलं. माझ्या मते खेड्यातल्या पोस्टाचा खरा रुबाब यानंतरचा, कारण त्याच खोलीत टेलिफोनचा स्विचबोर्ड, म्हणजे हाताने फोन जोडून द्यायचा फलक आला. तो सांभाळणारी बहुतेकदा बाईच असे. कुठे वणवा लागला, डॉक्टर कुठल्या शेतावर गेलाय, कोणाकडे बाळंतपण आहे, हे सगळं तिला ठाऊक. रात्री-अपरात्री घंटा वाजली की उठायचं. घरातली मुलंही जोडणी करायला शिकत. गावच्या भानगडी तिच्या कानावर पडत ते वेगळंच!

पुढे ही टेलिफोन एक्स्चेंज स्वयंचलित होत गेली आणि या घरांचं उत्पन्नच गेलं. न्यू साउथ वेल्समधल्या वानारिंगचं हाताने चालणारं एक्स्चेंज मात्र १९९१ पर्यंत टिकलं. मोटारी आल्यावर लोक खरेदीला मोठ्या गावी जाऊ लागले आणि शेकडो लहान पोस्टं बंद पडली.

१९७५ मध्ये टपाल आणि टेलिफोन वेगळे झाले. १९९३ पासून सध्याची परवाना पद्धत आहे: दुकानदार परवाना घेऊन ऑस्ट्रेलिया पोस्टचं काम करतो. ग्रामीण आणि दुर्गम भागात किमान २,५०० पोस्टं ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे सगळी उठून जाणार नाहीत. जिथून बँका गेल्या तिथे पैसे भरायला-काढायलाही पोस्टच. पत्रं घटली, पार्सलं मात्र वाढली, आणि ती ठेवायला दुकानात जागा नाही, मोबदला पुरत नाही, ही परवानाधारकांची जुनी तक्रार आहे. एखाद्या गावात पोस्टाचा परवाना आणि दुकान एकत्र विकायला असेल, तर घेण्याआधी हिशेब नीट बघा.