देवावर भरवसा आहे, मग रात्री छाती का धडधडते?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा, त्यातही पुरुषांचा, एक प्रश्न ठरलेला असतो. मॅडम मी रोज प्रार्थना करतो, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, मग मला एवढी भीती का वाटते, आणि तुमच्याकडे यावं लागलं म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? ह्याला नुसतं "नाही हो" म्हणून भागत नाही, समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन परत तेच सुरू. म्हणून एक केस सांगते. नाव, गाव, घरचे तपशील सगळे बदललेत.

सायमन म्हणू त्यांना. पन्नाशी उलटलेली, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातले मच्छीमार, स्वतःची इंजिनवाली होडी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा होडी आपटून फुटली, दुरुस्तीला सोसायटीचं कर्ज पुरलं नाही म्हणून एका सावकाराकडून पैसे उचलले आणि वर बायकोचे दागिने गहाण टाकले, तिला न सांगता. आणि हाच माणूस वाडीतल्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) असली की सगळ्यात पुढे, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सांगायला तोच, कोणाच्या घरी दुखणं आलं की लोक म्हणणार सायमनला बोलवा, त्याची प्रार्थना लागते.

रात्री अडीचच्या सुमाराला छातीत धडधड, घाम, आता मी मरतो असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. (हे आधी करायलाच हवं, धडधड म्हणजे टेन्शनच असं घरी बसून ठरवू नका.) डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहेत, म्हणजे अचानक येणारे जबर भीतीचे झटके. झोप यावी म्हणून ह्यांनी रात्रीचे दोन पेग सुरू केले होते, आता दारूने डोळा लवकर लागतो खरा पण उत्तररात्री झोप मोडते, म्हणजे अडीचचा मुहूर्त उलट पक्का झाला.

सुरुवातीला मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "देव बघून घेतलो." मी स्वतः मिस्साला जाणारी बाई आहे, ह्या वाक्याची मला चीड नाही, पण थोड्या वेळाने लक्षात आलं की कर्जाचा विषय जवळ आला की हे वाक्य येतं आणि विषय तिथेच बंद होतो. मग मी विचारलं, "देव बघून घेईल हे ठीक, पण तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंय?"

गप्प. मग म्हणाले, "त्याका सगळा ठाऊक आसा."

प्रार्थनेत शेजाऱ्याचं ऑपरेशन होतं, बोटीवर असलेला मुलगा होता, फादर होते, पाऊसपाणी होतं. सावकार नव्हता, दागिने नव्हते, रात्रीचे अडीच नव्हते. मोठ्या साहेबासमोर इस्त्रीचा शर्ट घालून उभं राहावं तसं हे देवापुढे उभे राहत होते आणि आपण सगळे ह्यालाच भरवसा म्हणतो! माझ्या मते ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्यासमोर माणूस आधी रडतो, तक्रार करतो, आवाज चढवतो. एकदा कुमसाराला (फादरपुढे पापाची कबुली द्यायला) जाऊन त्यांनी भीती वाटते हे पाप म्हणून सांगितलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. फादर शहाणे निघाले, हे पाप नाही म्हणाले आणि माझा नंबर दिला. असे फादर अजून हवेत.

"कशाविषयी चिंता करू नका" हे प्रेषित पौलाचं वाक्य ह्यांना पाठ होतं, बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, आणि तेच त्यांना टोचत होतं. मी म्हटलं त्याच पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र उघडा, पहिलाच अध्याय. तिथे तो लिहितो की आशियात आमच्यावर असं संकट आलं की आम्ही जगण्याची पण आशा सोडली होती. मंडळीला पाठवायच्या पत्रात लिहिलंय हे, लपवलेलं नाही. मग स्तोत्र ८८ वाचायला दिलं. बहुतेक रडगाण्याची स्तोत्रं शेवटी कुठेतरी देवाच्या स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी बायबलमध्ये ठेवलंय. आणि गेथशेमाने, येशूला पकडलं त्या रात्रीची बाग. येशूने पेत्र, याकोब, योहान ह्यांना बरोबर घेतलं, माझा जीव मरणाला टेकलाय असं आधी त्यांना सांगितलं, जागे राहा म्हणाला, आणि मग थोडं पुढे जाऊन बापाकडे हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलं. देवाला सांगणं आणि माणसाला सांगणं, दोन्ही त्याच रात्री केलं त्याने. सायमन म्हणाले, "पण ते तर झोपले." हो, झोपले. माणसं झोपतात, म्हणून सांगायचंच नाही असं त्याने ठरवलं नाही, तीनदा उठून आला त्यांच्याकडे.

त्याच दिवशी मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का. हा प्रश्न विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, हे घरच्यांनी पण लक्षात ठेवावं. ते म्हणाले एकदा आला होता, होडी घेऊन जावं आणि परत येऊ नये. लगेच ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, दारू किती आणि किती दिवस हे डॉक्टरांना खरं सांगायला लावलं कारण रोजची दारू एकदम तोडली तर काहींना धोका असतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, फुकटचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला, रात्री अडीचला पण लागतो तो. गोळ्या म्हणजे अविश्वास का, हे पण विचारून झालं त्यांचं. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि परत झोपू दिलं, पहिलं राजे, अध्याय १९, एवढंच मी म्हटलं.

बायकोला सांगणं मात्र गोड झालं नाही. ती भडकली, कर्जापेक्षा दागिन्यांवरून, आणि सावंतवाडीला भावाकडे निघून गेली. सायमन मला फोनवर म्हणाले, "बघा, सांगून काय झाला?" माझ्याकडे त्याक्षणी चांगलं उत्तर नव्हतं, रागावण्याचा तिला हक्क आहे एवढंच म्हटलं. काही दिवसांनी ती परत आली ती भावाला घेऊनच, आणि त्या भावाने सावकाराचा हिशोब वहीत मांडून बसवला. कर्ज अजून आहे. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा हप्ते थकतात आणि धडधड थोडी परत येते.

प्रार्थना आता कशी करता विचारलं तर हसले, "तोंड सोडून बोलतंय. देवा माका भय वाटता, तू खंय आसस, असा."

तेर्स अजून तेच सांगतात. गेल्या वेळी शेवटी म्हणाले, आज माझ्यासाठी पण एक नमान मोरिये (मरियेची प्रार्थना) म्हणा. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने तिथूनच विचारलं, "तुका काय झाला रे?" आणि त्यांनी उभ्याउभ्या सगळ्यांना सांगितलं, कर्जाचा आकडा तेवढा सोडून.