वाचकांचे प्रश्न : दिएपचा फसलेला छापा वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धावरील पूरक वाचनात मी मुलांना १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील, तेव्हा जर्मनांच्या ताब्यात असलेल्या दिएप बंदरावर मुख्यतः कॅनेडियन सैनिकांनी समुद्रातून घातलेल्या आणि फसलेल्या छाप्याविषयी सांगितले. तेव्हा एका मुलाने विचारले, “बाई, मग ते सैनिक मूर्ख होते का?” वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरचे कोणी ना कोणी फौजेत आहे, त्यामुळे काही मुले हसली, तर काही एकदम गप्प झाली. “या पराभवातून धडा घेतल्यामुळेच पुढे १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांना यश मिळाले,” असे सांगून मी वेळ मारून नेली, पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. हा विषय कसा मांडावा?

उत्तर : आपल्याला ते उत्तर पटले नाही, हे योग्यच झाले. ते वाक्य सर्वस्वी खोटे नाही. तटबंदी असलेले बंदर समोरून घेणे जवळजवळ अशक्य आहे, आधी जबरदस्त तोफमारा हवा आणि किनारे ओलांडण्यासाठी खास बनावटीचे रणगाडे हवेत, या समजुती दिएपनंतर पक्क्या झाल्या आणि १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी स्वतःचे तरंगते बंदरच सोबत नेले. परंतु मधल्या काळात उत्तर आफ्रिका, तसेच इटलीतील सिसिली आणि सालेर्नो येथेही सैन्य समुद्रातून उतरले होते, आणि पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर फसलेल्या १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेने यांतले बरेचसे आधीच शिकवले होते. दिएपच्या एकेका मृतामागे नॉर्मंडीत किमान दहा जीव वाचले, हा हिशेब लॉर्ड माउंटबॅटन मांडत असत. या मोहिमेची आखणी ब्रिटिशांच्या ज्या संयुक्त मोहिमांच्या (भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या एकत्रित मोहिमांच्या) मुख्यालयात झाली, त्याचे प्रमुख तेच होते, हे मुलांना अवश्य सांगावे. १९४७ च्या धड्यातील व्हाइसरॉय म्हणून मुले त्यांना ओळखतातच. हिशेब कोण मांडतो आहे, हे पाहण्याची सवय त्यांना येथूनच लावता येईल.

त्या मुलाच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत : सैनिक कसे लढले, आणि त्यांना तेथे कोणी व कशाच्या भरवशावर पाठवले. ते वेगळे करावेत आणि दुसरा आधी घ्यावा. मुलांना निकाल आधी सांगू नये. फळ्यावर घटना क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येक टप्प्यावर “तुम्ही पुढे गेला असता का?” असे विचारावे. शहरावर आधी मोठा बॉम्बवर्षाव करायचे ठरले होते, तो रद्द झाला. त्यासाठी दिलेले एक कारण असे की, पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांनी रणगाड्यांची वाट अडेल. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत मोठ्या युद्धनौका धाडायला ब्रिटिश नौदल तयार नव्हते, कारण डिसेंबर १९४१ मध्ये मलायाजवळ त्यांच्या दोन मोठ्या युद्धनौका जपानी विमानहल्ल्यात बुडाल्या होत्या. तरीही बंदरावर समोरून हल्ला करण्याचा बेत तसाच राहिला. जुलैमध्ये सैनिक जहाजांवर चढलेले असताना हवामानामुळे मोहीम रद्द झाली. ठिकाण कोणते, हे हजारो लोकांना कळून चुकले होते. असे असूनही ऑगस्टमध्ये तोच बेत, नाव बदलून आणि थोडा फेरफार करून, पुन्हा बाहेर काढण्यात आला. या ठिकाणी वर्ग आपोआप गप्प होतो. लाल महालाचा छापा ठाऊक असलेल्या मुलांना तर गुप्तता गेल्यावर छाप्यात काय उरते, हे समजावून सांगावे लागत नाही.

मग लढाईकडे वळावे, पण सहाही किनारे सांगत बसू नये. दिएपच्या पूर्वेकडील पुइ हा एकच किनारा पुरे. तेथे कॅनडातील टोरांटोची रॉयल रेजिमेंट उतरणार होती. नौकांना सुमारे पाव तास उशीर झाला आणि अंधाराचा आडोसा गेला. समोर अरुंद किनारा, त्यापुढे भिंत, भिंतीवर काटेरी तार आणि वर मोजकेच जर्मन, पण मशीनगनसह. निघालेल्या ५५४ जणांपैकी इंग्लंडला परतले ६५.

मुख्य किनाऱ्यासाठी एक प्रयोग सुचवतो. नदीकाठचे मुठीएवढे गोल गोटे एका पाटीत भरावेत, पाटी तिरकी धरावी आणि त्यांवर जुनी सायकल चढवायला सांगावी. चाक जागच्या जागी फिरते, आणि एखादा खडा साखळीत अडकला की सगळेच थांबते. दिएपचा किनारा वाळूचा नसून अशाच गोट्यांचा आहे. समुद्रातून २७ रणगाडे वर आले, त्यांतले १५ किनाऱ्याची भिंत ओलांडून गेले. पण गावात शिरणारे रस्ते काँक्रीटच्या अडथळ्यांनी बंद होते आणि ते उडवून देणारे सुरुंगवाले किनाऱ्यावरच पडले होते. जहाजावरून भूदलाचे नेतृत्व करणारे मेजर जनरल रॉबर्ट्स यांना धुरामुळे काही दिसत नव्हते, संदेश तुटक आणि चुकीचे येत होते, आणि अशाच एका संदेशावर विसंबून त्यांनी राखीव पलटणही त्याच किनाऱ्यावर उतरवली.

सैनिकांविषयीचा प्रश्न आता मुले बहुधा विचारणारच नाहीत. विचारलाच, तर पाद्री जॉन फूट यांची हकिकत सांगावी. त्यांनी तासन्‌तास गोळीबारात जखमींना उचलून नौकांपर्यंत नेले आणि परतायची संधी असूनही कैद होणाऱ्यांसोबत राहणे पसंत केले. उलट उदाहरणही द्यावे : लॉर्ड लोव्हॅट यांच्या ब्रिटिश कमांडोंनी दिएपच्या पश्चिमेकडील जर्मन तोफखाना ठरल्याप्रमाणे उद्ध्वस्त केला. त्यांचे लक्ष्य छोटे होते आणि मार्ग बगलेचा. त्याच दिवशी एक छापा साधला आणि एक बुडाला, हा फरक मुलांनी स्वतः शोधावा.

प्रश्न : मृतांचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी वेगळे का दिसतात?

उत्तर : ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे केवळ मृत नव्हेत. सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिकांपैकी मृत, जखमी आणि कैदी मिळून ३,३६७ जण होते. त्यांतले कैदी १,९४६. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी ९०७ असा असतो आणि त्यात नंतर जखमांमुळे किंवा कैदेत मरण पावलेलेही धरलेले आहेत. ब्रिटिश सैनिक, नाविक आणि वैमानिक यांची गणना निराळी होते. वर्गात आकडा लिहिताना तो कोणाचा आणि कशाचा, एवढे शेजारी लिहावे. मृतांपैकी बहुसंख्य जण दिएपजवळच्या दफनभूमीत आहेत. तेथील शिळा एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत, कारण त्यांना पुरले ते जर्मनांनी, आपल्या रीतीप्रमाणे, आणि युद्धानंतरही ती मांडणी तशीच ठेवली गेली.