गोल्फ कोर्सवर आठवण जपताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील बरीच वर्षं पुण्यात गोल्फ खेळले. अलीकडेच ते गेले. त्यांच्या आवडत्या होलच्या ग्रीनजवळ (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ) थोडी रक्षा मातीत मिसळून झाड लावावं, असं भावाच्या मनात आहे. झाड जगेल का? – एक वाचक, पुणे

झाड जगेल, पण ग्रीनजवळ लावू नका. ग्रीनवरचं गवत आपल्या हरळीच्याच जातकुळीतलं असलं तरी ते तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्याला सावली अजिबात सोसत नाही आणि झाडाची मुळं त्याचं पाणी ओढून घेतात. रक्षेचं तर त्याहून अवघड. ती चुनखडीसारखी अल्कधर्मी असते, शिवाय तिच्यात क्षार असतात. ग्रीनवर पसरली की तेवढा पट्टा पिवळा पडून जळतो आणि लवकर भरून येत नाही. म्हणून क्लब नकार देतात, आणि तो योग्यच असतो.

रक्षा खड्ड्यात घालून झाड लावायची रीत आपल्याकडे अनेक शेतकरी घरांत आहे. ती इथेही करता येईल, फक्त प्रमाण सांभाळा. एक-दोन मुठीच घ्या, खड्ड्याच्या तळाच्या मातीत नीट कालवा आणि वर फूटभर साधी माती टाका, म्हणजे रोपाची कोवळी मुळं थेट तिच्यावर टेकणार नाहीत. काळ्या जमिनीचा सामू (पीएच) मुळातच 8 च्या आसपास असतो. रक्षा जास्त झाली तर रोपाला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात.

जागा टीच्या (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेच्या) मागची किंवा दोन फेअरवेंमधल्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यांमधल्या) रफची, म्हणजे वाढू दिलेल्या गवताची, मागा. क्लबच्या सचिवांना पत्र द्या, त्यात होलचा क्रमांक आणि झाडाची जात लिहा आणि माळीकाम पाहणाऱ्यांसोबत जागेवर जाऊन खूण करून घ्या. जमिनीखालून स्प्रिंक्लरचे पाइप गेलेले असतात, ते त्यांनाच ठाऊक. शहरातलं झाड पुढे हलवायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा जागा पहिल्यांदाच नक्की करा.

आमची पसंती ताम्हणाला. बहावाही छान, पण त्याच्या लांब शेंगा खाली पडतात, म्हणून तो फेअरवेपासून आत हवा. वड-पिंपळाची मुळं पाइपांत शिरतात, गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. ही तिन्ही नकोत.

खड्डा मे महिन्यात 2 × 2 × 2 फूट खणून उन्हात तापू द्या. दोन वाटे माती, एक वाटा शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड. दोन-तीन चांगले पाऊस झाले की पाच-सहा फुटी रोप लावा, दोन्ही बाजूंना काठ्या रोवून काथ्याने सैल बांधा. पावसाळा सरला की आठवड्याला 15-20 लिटर पाणी, निदान तीन उन्हाळे.

कोर्सवरची रोपं पाण्यावाचून जातात, तशीच गवतकापणी यंत्राच्या गरगर फिरणाऱ्या दोरीनेही जातात. दोरी बुंध्याला घासते, साल गोल सोलली जाते आणि वरचं झाड हळूहळू वाळतं. बुंध्याभोवती मीटरभर गोलात गवत उगवूच देऊ नका. तिथे पालापाचोळा पसरा, पण तोही खोडाला टेकवू नका.

प्रश्न : आजोबांच्या नावाचा बाक द्यायचा आहे. काय पाहावं? – एक वाचक, मुंबई

बाक टीजवळ ठेवा. खेळाडू तिथेच थांबतात आणि चेंडूही सहसा तिकडे येत नाही. पक्का रोवलेला बाक उभं राहण्याच्या किंवा फटक्याच्या झोताच्या आड आला तर नियमांप्रमाणे दंडाविना चेंडू हलवता येतो, त्यामुळे खेळाची काळजी नको. पाच फुटी सागवानी बाक घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्क्रू आणि नावाची पट्टी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत. पायांखालचं काँक्रीट गवताच्या पातळीपेक्षा बोटभर खाली राहू द्या, नाहीतर कापणी यंत्राचं पातं त्यावर आपटतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरुमापर्यंत न्या.

पट्टीवर मजकूर तीन ओळींपेक्षा जास्त नको. देवनागरी अक्षरं निदान 8 मिलिमीटर उंच घ्या. त्याहून लहान कोरली की अनुस्वार आणि रफार रंगाने बुजतात, आणि आजोबांचं नाव चुकीचं वाचलं जातं. पट्टी गोंदाने नव्हे, स्क्रूने बसवा. बाकाची दुरुस्ती किती वर्षं आणि कोणी करायची, हे क्लबकडून लेखी घ्या.

प्रश्न : बाबांच्या गोल्फ सेटचं काय करावं? – एक वाचक, नागपूर

पटर (ग्रीनवर चेंडू हळूच ढकलायची काठी) घरी ठेवा. हाताची सवय सर्वांत जास्त त्यालाच असते. बाकीचा सेट, ग्रिप (दांड्याची रबरी मूठ) बदलून, त्यांच्या रोजच्या कॅडीला (खेळताना सेट वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारून द्या. बरेच कॅडी स्वतः उत्तम खेळतात, पण सेट घेणं त्यांना परवडत नाही. जुन्या ग्रिप कडक होऊन निसटतात, म्हणून तेवढा खर्च कराच. लहान मुलांसाठी मात्र हा सेट कापून देऊ नका. दांडा आखूड केला तरी डोकं जडच राहतं आणि मुलाचा स्विंग, म्हणजे फटक्याचा झोत, बिघडतो.