तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : सोनखत आणि संडास

प्रश्न : ताई, दापोलीजवळ आमची ५ गुंठे जागा आहे. एप्रिल लागला की विहीर तळ गाठते, मग टँकर. एवढं विकतचं पाणी फ्लशमध्ये घालवायला जीव होत नाही. यूट्यूबवर बादली आणि लाकडाचा भुसा वापरून मैल्याचं खत करतात ते बघितलं आणि करावंसं वाटतंय. पण सासूबाई म्हणतात, टोपल्यांचे संडास गेले ते बरं झालं, आता तू परत आणणार का? आणि वास येईल का हा मेन प्रश्न.

उत्तर : आधी वासाचं सांगते, कारण सगळे तिथेच अडतात. वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी झाली की. कोरड्या, कुरकुरीत गोष्टीने लगेच झाकलं तर अगदी जवळ नाक नेलं तरी येतो तो भुशाचाच वास, खोटं नाही सांगत. तुमच्याकडे भाताचं तूस मिळेल, वखारीतला भुसा मिळेल, नारळाच्या सोडणाचा भुसा तर उत्तमच, आंब्याचा पाला हाताने चुरून वाळवून ठेवला तरी चालतो. हात आखडता घ्यायचा नाही, खालचं काही दिसेनासं होईपर्यंत टाकायचं. राख थोडी मिसळा पण नुसती राख नको, तिने कोरडं होतं पण खत कुजायला जो कार्बन लागतो तो तिच्यात नसतो.

आता यूट्यूबवाले जे सांगत नाहीत ते. ते लोक कागद वापरतात, आपण पाण्याने धुतो, आणि ते पाणी बादलीत गेलं की सगळा खेळ खलास. म्हणून धुवायची जागा वेगळी करा, बसल्या जागेवरून थोडं मागे सरकून, आणि ते पाणी पाइपने कर्दळीच्या नाहीतर केळीच्या आळ्यात सोडा, विहिरीच्या बाजूला नाही. लघवीही वेगळी काढता आली तर ओल बरीच कमी होते. तमिळनाडूत मुसिरीला यासाठी मुद्दाम तीन वाटांची भांडी बसवली आहेत, एक मैल्याला, एक लघवीला, एक धुण्याच्या पाण्याला.

सासूबाईंचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी ते दिवस बघितलेत. टोपली होती, ती उचलायला ठरलेल्या जातीची माणसं होती, आणि बाकीचे नाकाला पदर लावून बघत होते. २०१३ च्या कायद्याने पुरतं न कुजलेला मैला माणसाकडून उचलून घेणं हा गुन्हा आहे, आणि तसा उचलावा लागेल असा संडास बांधायलाही मनाई आहे. म्हणजे बादली भरली की गड्याला सांगू, हे डोक्यातून काढून टाका. म्हणूनच मी तुम्हाला बादली न सांगता दोन कप्प्यांचा संडास सांगेन, जिथल्या तिथे कुजतं आणि बाहेर काढताना ते माती झालेलं असतं. आणि तेही घरच्यांनीच काढायचं!

कोकणात हे नवीन नाहीये. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास करून दाखवले, त्याला गोपुरी संडासच म्हणतात. हे तेच अप्पा ज्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपास केला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. सासूबाईंना हे सांगा, पटेल त्यांना.

बांधणी अशी. जमिनीवर चिऱ्याचे दोन कप्पे, लघवी वेगळी काढलीत तर साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच कप्पा चार-पाच माणसांना वर्षभर पुरतो. खाली कोबा, कारण आपल्याकडच्या जांभ्या दगडाला भोकंच भोकं असतात, खाली झिरपलेलं थेट विहिरीत जायला वेळ लागत नाही. मागे काढता येईल अशी फरशी, वर ४ इंची पाइप छपराच्या वरपर्यंत, तोंडाला जाळी, नाहीतर माश्या. एक कप्पा वर्षभर वापरायचा, मग बंद करून दुसरा. बंद केलेला कमीत कमी एक वर्ष उघडायचा नाही, कारण जंताची अंडी फार चिवट. काहीजण म्हणतात ढीग ५५ डिग्रीला तापला की झालं, खरंय, पण घरगुती छोटा ढीग सगळीकडून सारखा तापतच नाही, त्यामुळे माझा भरवसा कॅलेंडरवर. तरीही ते खत आंबा, नारळ, काजूला घाला, पालेभाजीला नको.

आणि पाऊस! मी सुरुवातीला शहाणपणा करून उघड्यावर नुसती ताडपत्री टाकून ढीग केला होता, जुलैत एका रात्री ताडपत्री उडाली, सकाळी काळं पाणी तुळशी वृंदावनापर्यंत, आठवडाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पक्कं छप्पर आधी, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : पुण्यात सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनी मोठी आहे. असं काही करता येईल का?

उत्तर : नको. खरंच नको. लिफ्टमधून ते खाली नेताना सोसायटीचे सेक्रेटरी भेटले तर काय सांगणार आहात? ड्युअल फ्लश, म्हणजे कमी-जास्त पाण्याच्या दोन बटणांचा, बसवा आणि आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओता, तेवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : लघवी झाडांना घातली तर चालते असं ऐकलं. किती घालायची? लिंबाचं झाड आहे, वाढच नाही.

उत्तर : चालते, उलट आपल्या शरीरातून जो नत्र बाहेर जातो त्यातला बराचसा लघवीतूनच जातो, आपण युरियाची गोणी विकत आणतो आणि हे मोरीत सोडतो. एक भाग लघवीला आठ-दहा भाग पाणी, खोडापासून लांब आळ्यात घालून वर माती ओढा म्हणजे अमोनिया उडून जाणार नाही. पानांवर नको, करपतात. अँटिबायोटिक चालू असेल त्याची घेऊ नका. जमीन खारवट असेल तर हा उद्योगच नको, मीठ वाढतं.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातलं गाव. सरकारी अनुदानातून दोन खड्ड्यांचा संडास बांधला, आता पाणी तुंबतंय. मैला उपसणारी गाडी बोलवू का? ३,००० मागतोय.

उत्तर : दादा, थांबा, पैसे देऊ नका! दोन खड्डे दिलेत ते कशाला? संडास आणि खड्डे यांच्या मधे एक छोटं चेंबर असेल, त्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे जातात. झाकण काढून बघा. एकच वाट उघडी असेल तर ती वीट आणि चिखलाने बंद करा, दुसरी उघडा, झालं काम. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं विसरून जा, त्याच्या जाळीच्या विटांमधून पाणी मातीत मुरतं आणि मागे जे उरतं ते काळं, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं, फावड्याने निघतं.

पण बऱ्याच ठिकाणी गवंड्याने दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून उघड्या ठेवलेल्या असतात आणि दोन्ही खड्डे बरोबरच भरतात. तसं असेल तर गाडी बोलवायलाच लागेल, पण एकाच खड्ड्यापुरती, आणि उपसलेलं ओढ्यात ओतणार नाही ना हे त्याला आधी विचारा. मग रिकाम्या खड्ड्याची वाट चालू ठेवा, दुसरी बंद करून तारीख चेंबरच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून टाका, दोन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि आतून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर पाणी मुरणारच नाही, तेवढं बघून परत लिहा.