मराठा-ओबीसी वादात बालमित्राशी बोलणं तुटलं. पुन्हा सुरुवात कशी करावी? गावात सलोखा बैठक घेऊन उपयोग होतो का?

बैठक घेऊ नका. आमच्याकडे झाली होती. जून २०२४, मारुतीचा पार. दोन्हीकडची चार-चार जाणती माणसं बोलली, पिढ्यान्‌पिढ्या आपण एकत्र नांदतोय असं प्रत्येकानं सांगितलं, नारळ फुटला, फोटो पेपरात आला. त्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत उभा आहे. आणि त्याच आठवड्यात मी माझं किराण्याचं खातं मित्राच्या दुकानातून उचलून तालुक्याला नेलं. बैठकीत प्रत्येकजण 'समाजानं' असं बोलतो. 'मी अमुक केलं' असं तोंडातून कुणाच्याच निघत नाही. मग त्यातून निघणार तरी काय?

तुम्ही जे विचारलंय त्यातून मी स्वतः गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाव बीड जिल्ह्यातलं. मी मराठा, मित्र वंजारी, म्हणजे ओबीसीतला. आमची तीन एकर कोरडवाहू. आई-वडील मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जायचे. आजी वारल्यावर आम्हा पोरांना गावात ठेवायला कुणी उरलं नाही. दादाला त्यांनी सोबत नेलं, त्याची शाळा तिथंच सुटली. मी राहिलो मित्राच्या घरी. त्याच्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. १९९४ आणि ९५ असे दोन हंगाम मी त्या घरात जेवलो, झोपलो, शाळेत गेलो. नानांनी आई-वडिलांकडून त्याचा एक रुपया घेतला नाही. पोत्यावर बसून ते माझा पाढा घ्यायचे, सतराचा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आता पुढचं. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. तीस ऑक्टोबरला बीड-माजलगावात आमदारांची घरं पेटली. हे सगळं होत असताना सुद्धा आमच्या दोघांत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते लोकसभेच्या निकालानं. मराठा उमेदवार बजरंग सोनवणे यांनी वंजारी समाजाच्या पंकजा मुंडे यांना हरवलं, फरक अवघा ६,५५३ मतांचा. ४ जूनच्या रात्री आमची पोरं गुलाल घेऊन मुद्दाम नानांच्या दुकानासमोर थांबली. मी तिथंच होतो, मला थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मित्रानं काहीतरी झोंबणारं स्टेटस टाकलं. मग व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत आला, आपला पैसा आपल्याच माणसाच्या दुकानात गेला पाहिजे म्हणून. तो मी गावातल्या दोन ग्रुपवर पुढे ढकलला.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागल्यानंतर आठवड्याभरात नाना गेले. मी मातीला गेलो नाही. अंगात ताप आहे असं घरात सांगितलं. ताप नव्हता. खिडकीतून तिरडी जाताना पाहिली आणि पडदा ओढून घेतला. दहाव्याला गेलो नाही, तेराव्यालाही नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी गेलो. दुपारी अशासाठी की तेव्हा गिऱ्हाईक नसतं. मनात सगळी तयारी होती. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं आमचं आरक्षण कसं रद्द केलं, आजोबांच्या वीस एकरांच्या वाटण्या होऊन तीन एकर कशी झाली, पुतण्याचा प्रवेश थोडक्या मार्कांनी कसा गेला, हे सगळं क्रमानं सांगायचं होतं. तो काही बोलला नाही. पायानं स्टूल पुढे सरकवलं. मी म्हणालो, "तेव्हा वातावरणच तसं होतं रे."

तो म्हणाला, "मेसेज वातावरणानं टाकला का?"

त्याच्या त्या वाक्यानंतर माझी सगळी तयारी गळून पडली. मग जे खरं होतं तेवढंच बोललो. मेसेज मी टाकला. गुलालाच्या वेळी मी उभा होतो. खातं मी हलवलं. नानांच्या मातीला आलो नाही, ताप नव्हता. यापुढे 'पण' लावून एक शब्द बोललो नाही, आणि खरं सांगतो, तो 'पण' गिळणं मला फार जड गेलं. तेवढ्यात एक पोरगी शेंगदाणे घ्यायला आली. त्यानं पावशेर मोजले, पुडी बांधली, सुटे दिले. ती जाईपर्यंत दोघंही गप्प.

मग तो बोलायला लागला आणि तास-दीड तास बोलत होता. माझा मेसेज दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचला होता, माझ्या नंबरसकट. ज्या घरांनी दुकान बदललं त्यांच्यातल्या बहुतेकांनी मागची उधारीही दिली नाही, दीड लाखाच्या आसपास अडकलेत. नाना शेवटचे चार महिने पायरीवर बसून असायचे. कोण थांबतं आणि कोण मान खाली घालून पुढे जातं ते संध्याकाळी घरात सांगायचे. माझं नाव त्यांनी दोनदा घेतलं होतं.

आरक्षणावरही तो बोलला, आणि तिथं मला कळलं की मी आठ महिने ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो तो माणूस हा नव्हताच. मी धरून चाललो होतो की याच्या लेकीची शिक्षणातली जागा जाणार म्हणून हा विरोध करतोय. वंजाऱ्यांना शिक्षण-नोकरीत भटक्या जमाती 'ड' मध्ये वेगळे दोन टक्के आहेत, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याची भीती दुसरीच होती. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथं वंजारी, धनगर, माळी सगळे नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या एकाच खान्यात, २७ टक्क्यांत. कुणबी ओबीसीत आहेत, म्हणून त्या जागेवर कुणबी दाखला घेऊन आमच्यातला माणूस उभा राहिला तर गावात मतं कुणाची जास्त? "आम्हाला सरपंच व्हायला तेवढीच एक वाट आहे, तीही तुमच्या मतांवर," असं तो म्हणाला. याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. माझी मागणी मी सोडलेली नाही. पण त्या दिवसापासून 'यांना आमचं बरं बघवत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

उठताना मी खिसा चाचपला. माझी बाकी राहिली होती. त्यानं उधारीची वही काढली. माझ्या पानावर शेवटची तारीख ११ जून, बाकी २,७४० रुपये. पान त्यानं फाडलं नव्हतं, नाव खोडलं नव्हतं. मी नोटा काढल्या तर म्हणाला, "आत्ता नको. दिलेस की मोकळा होशील तू." मी तसाच परत आलो. पुढचे सहा महिने किराणा रोख घेत होतो आणि ती बाकी त्या पानावर तशीच होती.

ऑगस्टमध्ये मी आझाद मैदानावर निघालो. २९ तारखेला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू होणार होतं आणि गावातून दोन गाड्या जाणार होत्या. सामान कुठून घ्यायचं यावर आमच्यात चर्चा झाली, मी म्हणालो इथूनच. त्याला स्पष्ट सांगितलं कशासाठी हवंय. तो म्हणाला, "माझा विरोध आहे. सामान घे." पोहे, शेंगदाणे, साखर, चहापत्ती, सगळं मोजून दिलं आणि वहीत वरती 'मुंबई' असं लिहिलं. मग बोट पानावर मागे नेऊन म्हणाला, "आणि हे मागचे सत्तावीसशे चाळीस कधी देणार?" मी तिथंच दिले. घरी येईपर्यंत मला धड बोलता येत नव्हतं.

२ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा, शासन निर्णय निघाला. आम्ही गुलाल उधळला, या वेळी त्याच्या दुकानापासून लांब. त्या निर्णयाच्या विरोधात पुढे मोर्चे निघाले, त्यातल्या एकात तो होता. रात्री दोघं पारावर बसलो होतो. पटलं नाही कुणाचंच.

त्याच्याकडूनही चुका झाल्या होत्या. त्या स्टेटसबद्दल तो स्वतःहून बोलला, आणि आपल्या पोराला माझ्या पुतण्याशेजारी बसू नको म्हणून सांगितलं होतं हेही. पण ते जूनमध्ये, मी गेल्यावर चार महिन्यांनी. मी फेब्रुवारीत त्याचाही हिशोब काढून बसलो असतो तर ते कधीच निघालं नसतं.

आता दादाबद्दल. हे उत्तर मी निम्मं त्याच्यासाठीच लिहितोय. दादा म्हणतो, टाळी एका हातानं वाजत नाही, त्यांनी आधी यायला पाहिजे. दादा म्हणतो, हे सगळं पुढाऱ्यांनी लावलं, आपण कशाला वाकायचं? पुढाऱ्यांनी लावलं हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण मेसेज माझ्या अंगठ्यानं गेला, पुढाऱ्यानं माझा हात धरला नव्हता. आणि हे वाक्य आमच्या गावात जुनं आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. आमच्या गावातही जळाल्या. वडिलांना कधीही विचारलं तर ते म्हणायचे, बाहेरची माणसं आली होती. वडील गेले, पण ती बाहेरची माणसं कोण होती ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. सोळा वर्षं लोक रस्त्यावर लढले आणि आमच्या गावात 'मी होतो' असं एकही माणूस बोलला नाही. दादा, 'पुढाऱ्यांनी लावलं' हे त्याच वाक्याचं आजचं रूप आहे. म्हणून मला ते ऐकवत नाही.

यात दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, मी जे केलं ते जवळपास बरोबरीच्या दोन घरांत केलं. जिथं दगडफेक झाली, कुणाला मारहाण झाली, तिथं आधी फिर्याद. आणि जिथं एक बाजू वर्षानुवर्षं दबलेली आहे, तिथं दबलेल्याला 'तूही आमचं ऐकून घे' म्हणायचा हक्क आपल्याला नाही. दुसरं, तुमच्या मित्रानं दार लावून घेतलं तर माझ्याकडे उपाय नाही. तो त्याचा अधिकार आहे. माझा मित्र मोकळ्या मनाचा निघाला, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

तुम्ही विचारलंय की सुरुवात कशानं करावी. तुम्ही नेमकं काय केलंत ते तुम्हालाच माहीत. ते एका वाक्यात सांगता येईपर्यंत जाऊ नका, आणि जाताना सोबत कुणाला नेऊ नका.

आणि दादा, एक माझ्याकडूनही राहिलंय. तू फडावर गेलास म्हणून मी शाळेत राहिलो. नानांच्या घरचं जेवण मला मिळालं, तुला नाही. म्हणून त्या घराबद्दल मला जे वाटतं ते तुला का वाटत नाही, असं मी तुला रागानं विचारत राहिलो. तुझ्या पोराचा प्रवेश गेला त्या रात्री तू बोलत होतास आणि मी मध्येच उठून गेलो. ते मी केलं.

शुक्रवारी नानांचं वर्षश्राद्ध आहे. मी साडेआठला निघेन. तुझ्या दारावरूनच जाणार आहे, हाक मारीन.