नवीन ठिकाणी विश्वास टिकवायचा कसा?

प्रश्न: ताई, जॉबसाठी घर सोडलं, इथे मित्रांत कुणीच ख्रिस्ती नाही, चर्च सुटलं, प्रार्थनाही राहून जाते. माझा विश्वास खोटाच होता का?

उत्तर: खोटा कशाला असेल, घरचे आठवण करून द्यायचे ते बंद झालं एवढंच. बायबलमधल्या दानीएलाचं बघ ना, तरुणपणीच परक्या बाबेलला (बॅबिलोनला) नेलं, नाव बदललं, शिक्षण तिथलंच, नोकरी पण राजाकडे, तरी दिवसातून 3 वेळा यरुशलेमेकडच्या खिडकीशी गुडघे टेकायचं काही सोडलं नाही, बंदी आली तरी (दानीएल 6:10). म्हणजे मित्र तोडायची गरज नाही, प्रार्थनेची वेळ ठरव, मूडवर सोडू नकोस. ऑनलाइन उपासना ठीक आहे, पण बायबलमधलं इब्री 10:25 हे वचन एकत्र जमायलाच सांगतं, तेव्हा या रविवारी जवळचं चर्च गाठ, पंथ वेगळा असला तरी.